पिवळ्या कार्डामागच्या पाच जणी

१२ जानेवारी

चि. मास्तरीणबाई,

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोन केला की तू "हं, हं, बरं, ठेवते" एवढंच बोलतेस. बाकीचा वेळ तुझा फोन लॉकरमध्ये आणि तू आत उंदरांपाशी. पत्राला मध्येच "ठेवते" म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

तर बातमी. काल तुझ्या वहिनीला तपासणीला नेलं. सगळं उत्तम आहे. आम्ही निघणार तेवढ्यात एक नर्स आली आणि म्हणाली, "बाळ झाल्यावर नाळेत रक्त उरतं, ते संशोधनाला द्याल का? एरवी फेकूनच देतात." वहिनी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "संशोधनाला? अहो, माझी बहीणच संशोधन आहे!" नर्स हसली. वहिनीनं कपाळाला हात लावला, आणि त्याच हातानं सही केली.

आता मला नीट समजावून सांग. तू एकदा म्हणाली होतीस की तुमच्या लॅबमध्येही नाळेचंच रक्त येतं. नाळेचा आणि उंदराचा काय संबंध? दुकानात गिऱ्हाईकं विचारतात, "पेंटर, बहीण काय करते?" मी सांगतो, "उंदीर पाळते." यापुढे मला काही बोलता येत नाही, आणि त्यांनाही काही विचारता येत नाही.

सध्या एका दातांच्या दवाखान्याचा बोर्ड रंगवतोय. दात काढलाय, पण वहिनी म्हणते बटाटा दिसतो. तिला या दिवसांत सगळीकडे खाण्याच्याच वस्तू दिसतात.

तुझा,
दादा


२४ जानेवारी

प्रिय दादा,

"उंदीर पाळते"! अरे, मी तीन वर्षं मान मोडून काम करतेय आणि तू मला थेट उंदीरवाली करून टाकलंस. बस आता, आणि ब्रश खाली ठेवून वाच.

आमच्या उंदरांना जन्मतःच प्रतिकारशक्ती नसते. मुद्दाम तशीच जात तयार केलेली आहे. साधी सर्दीसुद्धा त्यांना झेपत नाही, म्हणून त्यांचा पिंजरा, भुसा, पाणी, खाणं, सगळं वाफेच्या भट्टीतून निघाल्याशिवाय आत जात नाही. मीसुद्धा डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून घेऊन आत जाते. फक्त मला भट्टीत घालत नाहीत एवढंच. शिंक येईलसं वाटलं की जीव खाऊन बाहेर पळायचं.

अशा उंदराचं पिल्लू नुकतंच जन्मलेलं असताना त्याला नाळेच्या रक्तातल्या मूळ पेशी टोचायच्या. त्याच्याकडे स्वतःची फौजच नाही, त्यामुळे तो या परक्यांना हाकलत नाही. त्या जाऊन त्याच्या हाडांच्या पोकळीत मुक्काम ठोकतात आणि तिथे माणसाच्या रक्तपेशी बनवायला लागतात. कळलं का? नखाएवढ्या पिल्लाच्या हाडात माणसाच्या पेशी! मला अजूनही याचं दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं.

त्यातल्या बी पेशी हे माझं काम. लस टोचून घेतली की आपल्या अंगात अँटीबॉडी तयार होतात ना, त्या या पेशी बनवतात. उंदरात माणसाच्या बी पेशी जन्मतात भरपूर, पण सगळ्या कच्च्याच राहतात. शाळेत नाव घातलंय, पण वर्षानुवर्षं पहिलीतच बसलेल्या. लस दिली तरी ढिम्म. त्या पिकल्या, तर नवी लस माणसाला देण्याआधी माणसाच्याच पेशींवर तपासता येईल. म्हणून सगळा खटाटोप.

आणि आता ऐक, कारण हे मी आईला सांगितलेलं नाही. या वेळची पिल्लं शेवटची. आमच्या प्रमुखांनी (त्यांना सगळे नुसतं "बाई" म्हणतात) स्पष्ट सांगितलंय. या खेपेला पेशी पिकल्या नाहीत तर उंदरांचं काम बंद, आणि माझी रवानगी यीस्टच्या टेबलावर. म्हणजे पीएचडी पहिल्यापासून. मला ते सहन होणार नाही, दादा.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण मी तुला ओळखते. रक्ताच्या पिशवीवर फक्त नंबर असतो. ते कुणाचं आहे हे आम्हाला कळत नाही, आणि कळता कामा नये.

वहिनीला म्हणावं, दात मलाही बटाटाच वाटला असता.

तुझी,
मास्तरीण


९ फेब्रुवारी

मास्तरणे!

मुलगी! मुलगी झाली! दोघी ठणठणीत आहेत, मी मात्र नाही. काल दिवसभरात मी कुणाकुणाला मिठ्या मारल्या ते आठवत नाही. लिफ्टवाला त्यात नक्की होता. मुलगी गुटगुटीत आहे, म्हणून नाव ठरेपर्यंत "ठमी". नाक तुझं, आवाज माझा, आणि डोक्यावरचे केस वाळलेल्या ब्रशासारखे सरळ उभे!

नाळेचं रक्त पिशवीत भरलं. मी नर्सच्या मागे मागे थेट दारापर्यंत गेलो. विचारलं, "कुठे निघाली ही पिशवी?" ती म्हणाली, "संशोधनाला." पुढचं कळायला नर्स कशाला हवी? असं रक्त मागणाऱ्या लॅब असून असून किती असणार? म्हणजे ते तुझ्याकडेच येतंय. म्हणजे तुझ्या उंदरांत ठमीचं रक्त खेळणार. म्हणजे ते आपले नातेवाईक. तू म्हणशील नंबर असतो, वगैरे. म्हण.

सोबत एक कार्ड पाठवतोय. माझ्याकडचं सर्वांत जाड, पिवळं. त्यावर ओळीनं पाच उंदीर काढलेत, मध्ये ठमी, आणि खाली ऐटीत लिहिलंय, "घरची मंडळी". मी ऑइलपेंटच काढला होता, पण तुझी वहिनी अंथरुणातून ओरडली, "अशक्त उंदीर आहेत ते! रंगाच्या वासानं चक्कर येईल त्यांना!" म्हणून जलरंगात केलंय. हे त्यांच्या पिंजऱ्यावर लाव. दाराला पाटी नसलेलं घर मला बघवत नाही.

तुझा आनंदानं येडा झालेला,
दादा


२ मार्च

प्रिय दादा आणि वहिनी,

ठमीचा फोटो मी टेबलावर लावलाय. येणारा जाणारा प्रत्येक जण "नाक अगदी तुझं" म्हणतो. मी मान डोलावते आणि कामाला लागते, आणि थोड्या वेळानं पुन्हा फोटो बघते. मी आत्या झाले! हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं.

आता शेवटचं सांगते. ते रक्त ठमीचं नाही. असलंच तरी मला ते ठाऊक नाही. वहिनी, तुम्ही तरी त्याला समजवा.

पिल्लांना पेशी टोचून झाल्या. हाताला कंप सुटेल म्हणून सकाळपासून चहा घेतला नव्हता. पिल्लं इतकी लहान की पोटातलं दूध कातडीतून पांढरं दिसतं. सगळी जगली. आता ती आईपासून वेगळी झाली की एका पिंजऱ्यात पाच अशी राहतील. हो, पाचच. तुझ्या चित्रात पाच होते हा योगायोग आहे, दादा. लगेच दुकानात सांगत सुटू नकोस.

कार्डाचं म्हणशील, तर आमच्याकडे पिंजऱ्यावरच्या कार्डांचे रंग ठरलेले असतात. लाल म्हणजे आजारी, हिरवं म्हणजे पिल्लं होणार, आणि कोरं पिवळं म्हणजे लांबच्या मुक्कामाचे, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पण तुझ्या कार्डावर एवढी मोठी मिरवणूक काढलेली, त्यामुळे घोटाळा व्हायचा प्रश्न नव्हता. नियमाप्रमाणे ते वाफेच्या भट्टीतून काढलं आणि कोपऱ्यातल्या, पाच माद्यांच्या पिंजऱ्यासाठी ठेवलं. लावल्यावर सगळ्यांचं लक्ष गेल्याशिवाय राहणार नाही, एवढं सांगते.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसतो. इतका वेळेचा पक्का की आम्ही त्याला घड्याळ म्हणतो. तो म्हणाला, "उंदरांना पाटी कशाला? त्यांना कुठे वाचता येतं?" मी म्हटलं, "तुझ्या वहीतलं अक्षर तुला तरी कुठे वाचता येतं?"

तुझी,
मास्तरीण (ठमीची आत्या!)


६ मे

प्रिय दादा,

आधी हसते, मग रडते.

बी पेशी आल्या! नुसत्या आल्या नाहीत, झुंबड उडाली. उंदराच्या गालातून थेंबभर रक्त घ्यायचं, मशीनमध्ये घालायचं, की पडद्यावर एकेक पेशी एकेका ठिपक्यासारखी उमटते. एवढे ठिपके मी जन्मात पाहिले नव्हते. घड्याळ चक्क दोन मिनिटं काम थांबवून बघत उभा राहिला, आणि तो असं कधी करत नाही.

आणि सगळे ठिपके एकाच कोपऱ्यात. कच्च्यांच्या. पिकलेल्यांचा कोपरा ओसाड. लस देऊन पाहिली. अँटीबॉडी नाहीत. पुन्हा दिली. नाहीत. पहिलीचा वर्ग तुडुंब भरलाय, आणि दुसरीत कुणी जायला तयार नाही.

आमच्याकडे पूर्वीपासूनची रीत आहे. रक्तात बी पेशींची गर्दी शिगेला पोचली की उंदीर संपवायचे आणि पोटातली प्लीहा (रक्तपेशींचं कोठार) तपासायची. गर्दीत नाही सापडलं तर कुठे सापडणार, असं सगळेच धरून चालतात. ती वेळ आता आलीय. अर्धे पिंजरे मी स्वतः करणार. उरलेले घड्याळ करेल, कारण बाईंनी मला सुट्टी दिली आहे. बाई सुट्टी देतात तेव्हा समजायचं की काम संपलं.

तर मी येतेय. ठमीला सांग, आत्या येतेय, आणि तिचा मूड फारसा बरा नाही.

तुझी,
मास्तरीण


१३ मे

मास्तरणे,

तू ये, लवकर ये. पण एक ऐक. कोपऱ्यातला पिंजरा सोड. आपल्या मंडळींचा. बाकीच्यांना तुमचं शास्त्र लावा, मी मधे येत नाही. पण त्या पाच जणींना राहू दे. मी दुकानात सगळ्यांना सांगून बसलोय. शेजारच्या शिंपिणीनं त्यांच्यासाठी बोटाएवढी दुलई शिवायला घेतलीय. तिला मी कोणत्या तोंडानं सांगू?

तू म्हणशील, दादा, हा वेडेपणा आहे. आहेच. पण ठमी झाल्यापासून मला कुठलंही लहान पिल्लू दिसलं की मी हातातलं काम टाकून तिथेच बसतो, त्याला मी काय करू?

दादा

ता. क. वहिनी लिहितेय: यांच्याकडे लक्ष देऊ नका, वन्सं. तुमचं काम तुम्हाला कळतं. पण एकच पिंजरा आहे ना?


२० जून

प्रिय दादा,

पोचले. ठमीनं वाकवलेला चष्मा तसाच वापरतेय. चष्म्याच्या दुकानात सरळ करून देत होते, मी नको म्हटलं.

तिकडे होते तोवर तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. आता लिहिते. सगळे पिंजरे संपले, दादा. तुझ्या मंडळींचाही. निघण्यापूर्वी तो मी करायला हवा होता. माझा हात धजला नाही, म्हणून मी तो घड्याळाच्या वाट्याला ठेवला आणि पळून तुमच्याकडे आले. परत आल्यावर कोपऱ्यात पाहिलं, जागा रिकामी होती. घड्याळाला विचारायचं धैर्य झालं नाही. विचारून काय करणार होते?

प्लीहांमध्येही सगळं कच्चंच निघालं. पुढच्या महिन्यात मी यीस्टवर. यीस्टला नाक नसतं, डोळे नसतात, आणि त्याचं कार्ड काढून पाठवणारा भाऊही कुणाला नसतो.

तुझं पत्र नाही. फोनवर वहिनीच बोलतात आणि "ते जरा कामात आहेत" म्हणतात. रागावला आहेस ना? रागाव, पण राग कागदावर लिहून पाठव.

तुझी,
मास्तरीण


३ जुलै

अगं वेडाबाई,

राग कसला? तू गेलीस आणि ठमीला ताप भरला. सणकून. तुला कळवायचं नाही असं आम्ही ठरवलं, कारण तुझा चेहरा मी स्टेशनवर पाहिला होता. मी दवाखान्यात जमिनीवर बसून राहायचो. हातात ब्रश धरला की रेघ वाकडी जायची. दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड अजून बटाट्यापाशीच अडलाय.

आता ती ठणठणीत आहे! काल तिनं माझ्या तोंडावर डाळीचं पाणी फुंकलं, आणि मी तसाच हसत बसलो.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, की बाळ आईकडून आणलेल्या अँटीबॉडींवर सुरुवातीचे महिने काढतं. त्या ओसरत जातात, आणि बाळाच्या स्वतःच्या पेशी अजून शिकत असतात. मधल्या काळात असा एखादा ताप चुकत नाही. मी म्हटलं, "बी पेशी?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हटलं, "आमच्या घरात हा विषय असतो." मग विचारलं, "त्या शिकणार कधी?" तर त्या म्हणाल्या, "घाई करून होत नाही. त्यांचा वेळ त्या घेतातच."

मास्तरणे, त्या वेळी मला तुझ्या पाच जणी आठवल्या, आणि मी दवाखान्याच्या बाकावर ढसाढसा रडलो. राग नाही. तुझं काम मला कळतं. फक्त वाईट वाटतं.

दादा


१५ जुलै

दादा! दादा! दादा!

बस. बसलायस? वहिनींनाही बसव. ठमी बसत असेल तर तिलाही.

त्या जिवंत आहेत!

थांब, क्रमानं सांगते. अक्षर सांभाळून घे. माझी झाकणं, बाटल्या गोळा करायला मी आज अ‍ॅनिमल हाऊसमध्ये गेले होते. शेवटच्या खोलीत मी सहसा जात नाही, तिथे बड्या लोकांचे लांब मुक्कामाचे उंदीर असतात. एक झाकण तिथे राहिलं असेल म्हणून डोकावले, आणि खालच्या रांगेत बघते तर तुझं पिवळं कार्ड. आणि त्याच्यामागे पाच जणी! लठ्ठ, टुणटुणीत, नाकं वर करून माझ्याकडे बघतायत.

आता एक कबूल करते. तुझ्या कार्डावरचा रंग भट्टीत वाहून गेला होता. सगळा. उंदीर, ठमी, "घरची मंडळी", सगळं. भट्टीतून बाहेर आलं ते स्वच्छ कोरं पिवळं कार्ड. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, आणि तसंच लावून टाकलं. आणि आमच्याकडे कोरं पिवळं म्हणजे काय, ते तुला मी मार्चमध्येच लिहिलं होतं. मीच लिहिलं आणि मीच विसरले!

इथल्या मावशी पिंजरे सांभाळतात. त्या म्हणाल्या, "बाकीचे पिंजरे संपायला लागले, आणि याला पिवळं कार्ड होतं, म्हणून लांब मुक्कामाच्या खोलीत नेऊन ठेवला. तुम्हीच लावलंत ना?" घड्याळाला पिंजरा जागेवर दिसला नाही. त्याला वाटलं, जाण्यापूर्वी मीच आटोपला. मी म्हटलं, "मला विचारायचंस तरी!" तर म्हणाला, "विचारलं असतं तर तू रडली असतीस." मीही त्याला त्याच कारणानं विचारलं नव्हतं. म्हणजे दोन शहाणी माणसं एकमेकांना जपत बसली, आणि पाच उंदीर मजेत वाढले.

पण खरं पुढे आहे. मी त्यांचं थेंब थेंब रक्त घेतलं आणि मशीनला लावलं. कच्च्यांच्या कोपऱ्यात ठिपके आले, ते येणारच होते. आणि मग, दादा, मग पिकलेल्यांच्या ओसाड कोपऱ्यात एक ठिपका. मग चार. मग ढगच! मी एवढ्यानं ओरडले की डोकं वरच्या फळीवर आपटलं. टेंगूळ आलंय, आणि मला त्याचा अभिमान आहे.

उलगडा असा. बी पेशींना पिकवायला टी पेशी, म्हणजे त्यांना शिकवणाऱ्या पेशी, लागतात, आणि उंदराच्या अंगात टी पेशी फार उशिरा येतात. आम्ही आपले गर्दी झाली रे झाली की धावून जायचो. टी पेशी येईपर्यंत थांबलंच नव्हतं आमच्यापैकी कुणी. या पाच जणींमध्ये टी पेशी आल्या आहेत, छान भरपूर. हे सगळं तुझ्या धुतल्या गेलेल्या कार्डामुळे!

बाईंना बोलावलं. त्यांनी पडदा पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला. म्हणाल्या, "पुन्हा चालव." पुन्हा चालवलं. मग म्हणाल्या, "लस द्या. अँटीबॉडी आल्या तर बोलू. तोवर यीस्ट थांबेल."

यीस्ट थांबेल, दादा!

तुझी,
टेंगूळवाली


२४ जुलै

मास्तरणे,

पत्र दुकानात वाचलं आणि स्टुलावरून उडी मारली. खाली पिवळ्या रंगाचा डबा होता. आता माझा डावा पाय पिवळा आहे आणि शिंपीण म्हणते तो शुभ आहे.

पण रंग वाहून गेला म्हणजे काय? माझा? मी रंगवलेल्या पाट्या पावसात, उन्हात वर्षानुवर्षं टिकतात. गावातली अर्धी दुकानं बंद पडली, पण माझे बोर्ड अजून तसेच आहेत! सगळं खापर तुझ्या वहिनीच्या जलरंगावर. असं तिला म्हणालो. तर ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे ऑइलपेंट असता तर आज त्या मेल्या असत्या. शास्त्राला मदत कुणी केली? मी." दोन दिवस घरात ती शास्त्रज्ञ म्हणून वावरतेय.

लस दिलीस का? दुखलं नाही ना त्यांना? शिंपिणीची दुलई तयार आहे. भट्टीत टिकेल का?

दादा


३० सप्टेंबर

प्रिय दादा आणि शास्त्रज्ञ वहिनी,

अँटीबॉडी आल्या.

थोड्याच आहेत. पाचांपैकी चौघींत. पण खऱ्या, लसीला ओळखून बनवलेल्या, माणसाच्या. मी तपासणी तीनदा केली, घड्याळानं चौथ्यांदा केली, आणि बाईंनी पाचव्यांदा स्वतःच्या हातानं केली. मग त्या खुर्चीत बसल्या आणि हसल्या. त्यांना हसताना याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे एक मुलगी पाणी आणायला धावली. एका पिंजऱ्यानं काही सिद्ध होत नाही, त्यामुळे आता नवी पिल्लं घेणार, आणि सगळ्यांना थांबवणार. यीस्टचं टेबल दुसऱ्या कुणाला दिलं. माझं काम वाचलं, दादा. मी वाचले.

बाईंनी विचारलं, "हा पिंजरा थांबवायचं कुणाला सुचलं?" मी खरं ते सांगितलं. कार्ड, जलरंग, वहिनी, भट्टी, सगळं. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या भावाला कळवा, आम्हाला कार्डं हवी आहेत. जाड, पिवळी. आणि पूर्ण कोरी." तेव्हा पेंटर, आयुष्यात पहिल्यांदा तुला काहीही न रंगवण्याची ऑर्डर आली आहे.

आता दोन गोष्टी, आणि दोन्ही सांगायला जड जातायत.

त्या पाच जणी आता नाहीत. हाडं आणि प्लीहा तपासल्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती. या वेळी मी पळाले नाही. स्वतः केलं, हलक्या हातानं, एकेकीला. आधी त्यांना शिंपिणीच्या दुलईवर थोडा वेळ सोडलं. हो, भट्टीत टिकली. नंतर मी बाहेर जिन्यात बसून रडले, आणि घड्याळ शेजारी येऊन बसून राहिला.

दुसरी गोष्ट. तपासणीत त्या पेशी मुलाच्या आहेत की मुलीच्या, हे कळतं. त्या मुलाच्या निघाल्या. ठमीचं रक्त नव्हतं ते, दादा. कुणाच्या तरी मुलाचं होतं. तू इतके महिने नातेवाईक म्हणालास ते आपले कुणीच नव्हते. मी तुला पहिल्यापासून सांगत होते, तरी आज हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय.

कार्ड माझ्याजवळ आहे. उजेडात तिरकं धरलं की तुझी पेन्सिलची रेघ अजून दिसते. पाच उंदीर आणि मध्ये ठमी.

तुझी,
मास्तरीण


११ ऑक्टोबर

प्रिय मास्तरीण,

कार्डं सोबत. कोरी. किती त्रास झाला म्हणून सांगू! प्रत्येक कार्ड हातात घेतलं की ब्रश आपोआप उठायचा. शेवटी वहिनीनं ब्रश लपवून ठेवले.

पाच जणींचं वाचलं तेव्हा मी शटर अर्धं ओढून बसलो होतो. शिंपिणीला सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "दुलई आवडली होती का?" मी म्हटलं, हो. तू थांबलीस आणि स्वतः केलंस, हे बरं केलंस. घड्याळ जिन्यात येऊन बसला ना, ते मला आवडलं. त्याला आमच्याकडे घेऊन ये. इतका वेळेचा पक्का माणूस बिनकामाचा जिन्यात बसत नसतो.

आता त्या मुलाचं. तुला वाटलं मी खट्टू होईन. झालोही, एक संध्याकाळ. मग एकदम मनात आलं, अगं, त्याच्या बापाला तर काहीच माहीत नाही! कुठेतरी एक माणूस आपल्या पोराचं लंगोट बदलत बसलाय, आणि त्याला पत्ताच नाही की त्याच्या पोरामुळे आख्खी लॅब थांबायला शिकली, आणि माझी बहीण वाचली. मला तर त्याला मिठी मारायची आहे. पण पिशवीवर नंबर असतो. कळत नाही, आणि कळता कामा नये. बघ, पाठ झालं मला.

काल ठमीला लसीला नेलं होतं. रांगेत तिच्याच वयाची पोरं, बहुतेक बापांच्या खांद्यावर. मी एकेका मुलाच्या बापाकडे पाहून हसत सुटलो. एकाचा तर हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि म्हटलं, "अभिनंदन!" तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "कशाबद्दल?" वहिनीनं मला मागून चिमटा काढला. मी म्हटलं, "काही नाही. मुलगा फार छान आहे तुमचा." तो खूश झाला. त्याच्या पोराला बोर्ड रंगवताना पिवळ्या झालेल्या माझ्या हाताच्या अंगठ्याचं भारी कौतुक. घट्ट धरून ठेवला, सोडायलाच तयार नाही.

वहिनी म्हणते, मी आता प्रत्येक रांगेत असंच करणार, आणि एक दिवस कुणीतरी मला मारणार. मारू दे. मी काही म्हणत नाही, मास्तरणे, पण त्या पोराची पकड बघितली असतीस तर तुलाही वाटलं असतं की तोच असेल.

तुझा,
दादा